कुकरातलं गाणं

हर्षदा पोहण्याच्या तलावात चौथ्यांदा पलीकडच्या काठाला हात लावून वळली, तेव्हा मी निंबाळकर सरांना म्हणाले, "बघा. अजून वाजतंय."

"कशावरून, बायाक्का?" सर हसले. "कान तिचे, गाणं तिच्या कानात."

"हाताकडं बघा की तिच्या. एकेक हात कसा ठेक्यात पडतोय."

पडतच होता. माझी सून म्हणून सांगत नाही, पण विद्यापीठाकडून पोहून दोन ढाली आणलेली पोरगी ती. त्या दिवशी तिच्या दोन्ही कानांत तिनं स्वतः बनवलेल्या, जांभळाएवढ्या दोन काळ्या डब्या होत्या. पाण्याखाली बिनतारी काही पोचत नाही म्हणे, म्हणून गाणं, बॅटरी, सगळा संसार त्या जांभळातच भरलेला. पोहताना गाणी ऐकायची! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, उद्या अंघोळीला बँडबाजा लावा. पण सरांच्या हाताखाली चाळीस पोरी शिकत होत्या. तासन्‌तास इकडून तिकडं, तिकडून इकडं. सर काठावर थाळी बडवून वेग सांगायचे आणि पाण्यात कुणाला काही ऐकू जायचं नाही. ठेका कानातच असला तर पोरगी कंटाळत नाही आणि वेगही सुटत नाही, असं हर्षदाचं म्हणणं. सरांना ते पटलं होतं. डब्या टिकल्या तर चाळीस जोड घेतो म्हणाले होते.

"आता खोल बाजूला बुडी," सरांनी हातानं खूण केली.

ती बाजू पंधरा फूट. हर्षदा गेली खाली. मी मनात आकडे मोजत राहिले. वर आली ती एक हात कानाला लावूनच. डबी काढली, हलवली. काठाच्या फरशीवर डबीतून पाण्याचे दोन थेंब पडले.

"गेलं," ती म्हणाली.

आजूबाजूला चाळीस पोरी, त्यांच्या आया, सर. डबीच्या दोन फाका जिथं मिळतात तिथली रबराची रिंग माझ्या शेडातली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी घरातून निघतानाच सांगत सुटले होते.

"रिंगेत काही न्हाई हां," मी मोठ्यानं म्हणाले. "तीस वर्षं रिंगा करतीया मी. बायाक्काची रिंग गळत न्हाई. डबीच तिरकी असंल. कागदावर चित्रं काढून वस्तू होतीया व्हय?"

हर्षदानं काठ धरला होता. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं. दोन-चार आया खुदकन हसल्या. मला त्याचंही बरंच वाटलं.

"पुढच्या रविवारी एकदा बघू," सर म्हणाले. "तेव्हा जमलं नाही तर मी परदेशातले मागवतो. पोरींची स्पर्धा तोंडावर आलीय, हर्षदा, मला थांबता येणार नाही."

माझी शाळा दुसरीपर्यंत. नवरा गेला तेव्हा मागं एक हातानं दाबायची प्रेस आणि पाच वर्षांचा धैर्यशील ठेवून गेला. रबर कसलं, रिंग पाडायचा साचा म्हणजे डाय कसली, मला काही ठाऊक नव्हतं. मी चांगल्या कंपनीची कुकरची रिंग आणली आणि विळीवर उभी चिरली. आत बघितलं तर दोन ओठ. तोंड आतल्या बाजूला. भात शिजताना वाफ कोंडते, त्या ओठांत शिरते, त्यांना फाकवते, आणि ओठ भांड्याला आणि झाकणाला आणखी घट्ट चिकटतात. वाफ जितकी जोरात, रिंग तितकी घट्ट. हे मला कुणी शिकवलेलं नाही, विळीनं दाखवलं. त्या एका चिरलेल्या रिंगेवर मी पोरगा वाढवला, बारा बायकांना कामाला लावलं, आणि आमच्या भागातल्या निम्म्या घरांतला भात माझ्या रिंगेवर शिजतो असं मी लग्नाकार्यात चारचौघांत सांगायची.

तपासायची आमची पद्धतही माझीच. पंक्चरवाल्याकडं बघून उचललेली. वस्तू बंद करायची, सायकलच्या पंपानं आत हवा मारायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची. बुडबुडा आला की रिंग भट्टीत. नाही आला की पास. हर्षदाच्या डबीची रिंग कानातल्या बुगडीएवढी, पण तिलाही तसंच तपासलं होतं. मालन, शेडातली माझी सगळ्यात जुनी बाई, तिनं तीनदा पंप मारला होता. एक बुडबुडा नाही.

म्हणून माझं मन साफ होतं. रिंग पास होती. गळली ती डबी.

मंगळवारी दुपारी शेडात आले तर हर्षदा कोपऱ्यातल्या तिच्या टेबलावरच्या वायरी गुंडाळत होती.

"हे काय चाललंय?"

"आवरतेय, आत्या. पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय. सोमवारी हजर व्हायचंय."

"रविवार अजून यायचाय की."

"तीच डबी, तीच रिंग. रविवारी वेगळं काय होणार?"

"मग डबी सुधार."

"डबी बरोबर आहे."

"मग काय माझी रिंग चुकली?"

तिनं माझ्याकडं बघितलं. शेडात प्रेस चालू होती, बायका खाली मान घालून रिंगांच्या कडा कातरत होत्या, पण प्रत्येकीचा कान आमच्याकडं. हर्षदानं वायरीचं वेटोळं केलं, रबर लावलं, खोक्यात टाकलं.

"धैर्यशील काय म्हणतो?"

"तुझं तू ठरव म्हणतात."

माझा पोरगा तसाच. टेम्पो घेऊन दुकानं फिरेल, चार गोड शब्दांत माल खपवून येईल, पण प्रेसच्या आचेला उभा राहायचा नाही. माझ्यामागं या शेडात कोण उभं राहणार, हे मी हर्षदाला बघायला गेले त्याच दिवशी ठरवलं होतं. चहाचा ट्रे आणून ठेवल्यावर तिनं त्यांच्या गळक्या नळाकडं बघून मला विचारलं होतं, "तुमच्याकडं वायसर पण होतात का?" तिथंच मी धैर्यशीलकडं बघून मान डोलावली. हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगून डोक्यावर कशाला बसवायचं?

आता ती निघाली होती, आणि सगळ्यांना वाटणार होतं की बायाक्काच्या सुनेला जमलं नाही. ते मला सोसवेना. त्याहून सोसवेना ते हे, की ती 'डबी बरोबर आहे' म्हणाली तेव्हा तिचा आवाज हलला नव्हता.

टेबलावर दुसरा जोड पडला होता. पहिला बुडाला, हा अजून कोरडा. बुधवारी हर्षदा बँकेत गेल्यावर मी तो उचलला आणि मालनला म्हणाले, "चल विहिरीवर."

शेडामागं माझ्या दिराचा मळा आहे, त्यात बांधीव विहीर. आम्ही गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, पाणी काळंभोर.

"कोण उतरणार?" मालननं विचारलं.

"तू उतरतीस?"

"मला कुटं पवाय येतंय!"

"मग मीच की."

"बायाक्का, गुडघं दुखत्यात म्हणून परवा जिना चढला न्हाईसा."

"विहिरीला जिना चढायचा नसतो, उतरायचा असतो."

"आनी काय झालं म्हंजे?"

"झालं तर पयलं जाऊन प्रेस बंद कर. रबर करपंल."

ती तोंडाला पदर लावून बसली. मी कासोटा घट्ट केला, पदर खोचला. माझं माहेर नदीकाठचं. सात वर्षांची असताना चुलत्यानं कमरेला तरंगायला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून मला विहिरीत ढकललं होतं, महिन्यात बिंडा सुटला. आम्हा पोरींची पैज असायची, तळाला जाऊन मूठभर चिखल आणायचा. चिखल दाखवल्याशिवाय बुडी धरत नसत. पण लग्नानंतर चाळीस वर्षं पाण्यात पाय घातला नव्हता.

डब्या कानात बसवल्या, हर्षदा दाबायची तसं बटण दाबलं आणि पायरीवरून पाण्यात सरकले.

काय सांगू! ढोलकी. पाणी कानावरून जातंय आणि आत ढोलकी वाजतेय. कुणी दुसरं ऐकत नाही, आपल्या एकटीपुरती. हात आपोआप पडायला लागले. दोन वेढे मारले, तीन मारले. वर मालन काहीतरी ओरडत होती, मला ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. वाटलं, बघ, कुठं गळतंय? आणि मग वाटलं, केवढी गोष्ट केलीय पोरीनं.

गाणं संपलं. थोडा वेळ काही नाही. मग खट्‌-फुस्स, खट्‌-फुस्स. माझ्या शेडातली प्रेस. मला आठवलं, हर्षदा एकदा म्हणाली होती, गाण्यात कान चुका माफ करतो, बोलण्यात एक अक्षर हललं तरी कळतं. म्हणून तिनं तपासणीसाठी फोन टेबलावर ठेवून शेडातलं बोलणं भरून घेतलं होतं.

आणि मग पाण्यात, माझ्याच कानात, एक बाई बोलायला लागली. चिरका, दांडगा आवाज. माझा आवाज असा आहे हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

"बाबालाल, ह्यो कागद बाजूला ठेव. पोरीनं उलटं काढलंय. ओठ आत पायजेत."

बाबालाल शिकलगार, आमच्या डाय करणारा. त्याचा आवाज, चाचरत, "पर बायाक्का, म्याडमनी तोंड भाईर दावलंय—"

"म्याडमनं किती रिंगा पाडल्यात आजवर?"

मग लांबून हर्षदा. हळू, पण स्पष्ट. "आत्या, इथं वाफ नाही, पाणी आहे. ते बाहेरून—"

"गप! मला रिंग शिकवतीस?"

त्यावर हशा. मालनचा हशा मी ओळखला.

हे असं झालं होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. दिवसाला अशी दहा माणसं मी गप करत होते, कोणतं म्हणून ध्यानात ठेवायचं? मला आधी रागच आला. काय वाईट बोलले मी? खरं तेच बोलले. डब्या कानात अजून कोरड्या होत्या. म्हटलं, दाखवतेच. छाती भरून घेतली आणि डोकं खाली करून तळाकडं निघाले.

एक पुरुषभर खाली गेले. कान दुखायला लागले. लहानपणी दुखायचे तसेच. आणखी खाली. चारी बाजूंनी पाणी दाबत होतं, पोटाला, डोळ्यांना, कानांना. हात तळाला लागला, मी मूठ मारली. कानात ती बाई अजून बोलतच होती. तीस वर्षांचा पाढा वाचत होती.

आणि तिथं, अंधारात, मूठभर चिखल धरून, मला ते समजलं. वाफ आतून बाहेर ढकलते. पाणी बाहेरून आत. माझी रिंग आतल्या शत्रूसाठी तोंड उघडून बसली होती आणि शत्रू पाठीमागून आला. आणि आम्ही तपासलं कसं, तर आतून पंप मारून. पास होईल नाहीतर काय! जन्मभर पास झाली असती.

"बायाक्काची रिंग ग—" एवढं ऐकू आलं. पुढं कानात थंडगार पाणी शिरलं आणि माझा आवाज बुडाला.

वर आले तेव्हा मालन पायरीवर रडकुंडीला आली होती.

"काय झालं?"

"गळलं."

"तरी मी म्हनत हुते, डबीच वंगाळ—"

"डबी न्हाई," मी म्हणाले. पुढचं तिला सांगितलं नाही. ते मालनला सांगायचं नव्हतं.

तशीच ओली शेडात गेले. लुगड्याचं पाणी जमिनीवर गळतंय, मुठीत चिखल. हर्षदा बँकेतून आली होती. माझ्याकडं बघून ती खुर्चीवरून उठलीच.

"आत्या! पडलात का कुठं?"

"प्रेस बंद करा," मी म्हणाले. प्रेस थांबली. कानातल्या डब्या काढून तिच्या टेबलावर ठेवल्या. "तू तवाच सांगितलं होतंस. तोंड बाहेर पायजे म्हणून."

तिनं एक डबी उचलून पुसली.

"सांगितलं होतंस का न्हाई?"

"सांगितलं होतं."

"मग परत का न्हाई बोललीस? तलावावर मी तुला एवढ्या बायकांत बोलले. तवा का तोंड मिटलंस?"

हर्षदानं खोक्याच्या कडेवर बोट फिरवलं. मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "चार वर्षं झाली मला येऊन, आत्या. या शेडात कुणी दुसऱ्यांदा बोललेलं मी अजून ऐकलं नाही."

कुणाच्या तरी हातातली कात्री खाली पडली. बारा बायका बघत होत्या. ज्यांच्यासमोर मी तीस वर्षं चुकले नव्हते.

"तर मग आता बोल," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा. मोठ्यानं."

"आत्या, असू दे—"

"बोल म्हणते ना!"

तिनं श्वास घेतला. "रिंग उलटी आहे."

"व्हय," मी म्हणाले. "उलटी हाय. मी उलटी पाडली. मालन, बाबालालला फोन लाव."

बाबालाल आला, कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, परत कागद बघितला. "ओठ भाईर केलं तर कुकरला बसायची न्हाई हां, बायाक्का."

"कुकरला कोण बसवतंय? म्याडम सांगत्यात तसं कर. आनी मला विचारू नको, तिला विचार."

शुक्रवारी डाय आली, शनिवारी सकाळी रिंगा पडल्या. दोन्ही जोड तिनं उघडून वाळवले, आतलं जे बिघडलं होतं ते बदललं, नव्या रिंगा बसवल्या. मालन सवयीनं पंप घेऊन आली, तर हर्षदानं मान हलवली.

"त्याचा उपयोग नाही, मालनताई. दाब बाहेरून पाहिजे. पंधरा फूट पाण्याएवढा. तो इथं कुठून आणू? परत विहीर?"

सगळ्या विचारात पडल्या. मी मात्र फळीवरच्या कुकरकडं बघत होते. नव्या रिंगा लावून बघायला ठेवलेला, पाच लिटरचा, कान तुटलेला. आता ही युक्ती कुणा इंजिनियरची नव्हे बरं का. ही माझी.

"कुकर काढ," मी म्हणाले.

डब्या चालू करून कुकरात टाकल्या, वर काठोकाठ पाणी. आमचीच रिंग, आमचंच झाकण. शिट्टी काढून तिथं रबरी नळी बसवली, तार आवळली, नळीच्या दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप. मालननं पंप मारायला घेतला. आता हवा पाण्याला दाबत होती आणि पाणी डबीला. बाहेरून आत. हर्षदानं आकडेमोड करून सांगितलं तितका दाब दिला आणि घड्याळ लावलं.

दहा मिनिटं झाली. मालन हळूच वाकली आणि तिनं कुकरला कान लावला. तिचं तोंड असं फुललं!

"बायाक्का! ढोलकी!"

मग काय, एकेक बाई येऊन कुकरला कान लावायला लागली. हर्षदानं सगळ्यात शेवटी लावला. डोळे मिटून बराच वेळ तशीच राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण हाताला रबराची काजळी होती.

रविवारी तलावावर तीच माणसं, त्याच आया. हर्षदा पाण्यात उतरायच्या आधी मी निंबाळकर सरांना म्हणाले, "मागच्या रविवारी गळलं ते हिच्यामुळं न्हाई, माझ्यामुळं. रिंग मी उलटी पाडली होती. तवा मोठ्यानं बोलले होते, म्हणून आतापण मोठ्यानंच सांगते."

एक आई खुदकन हसली. मी तिच्याकडं एकदा बघितलं, ती हसायची थांबली.

हर्षदा खोल बाजूला गेली, बुडी मारली. मी मोजायला लागले. वीस. तीस. चाळीस झाले तरी वर येईना. सर काठाकडं सरकले. मी म्हणाले, "थांबा. ती गाणं संपवून येणार."

ती वर आली ती मान हलवतच. ठेक्यावर.

चाळीस जोड सरांनी त्याच दिवशी सांगितले. सोमवारी पुण्याची गाडी तिच्याशिवाय गेली. मंगळवारी ती शेडात आली तर तिचं खोकं मी रिकामं करून वायरी टेबलावर मांडल्या होत्या. चुकीच्या मांडल्यात म्हणाली. म्हटलं, मग नीट मांड.

याला बारा वर्षं झाली. शेड आता तिच्या हाताखाली आहे. चाळीसचे किती झाले ते तीच जाणे. मी सकाळी येऊन खुर्चीवर बसते आणि चुका काढते. प्रत्येक जोड अजूनही त्याच कान तुटलेल्या कुकरात बसतो, आणि त्यात अजूनही तेच भरलेलं असतं. आधी ढोलकी, मग प्रेस, मग मी. एकदा तिला म्हणाले होते, ते माझं बोलणं पूस की आता. ती म्हणाली, "कशाला? तुमच्या आवाजाइतकं स्वच्छ दुसरं काही ऐकू येत नाही, आत्या. टेस्टिंगला बरं." पुसलं नाही. मीही परत म्हणाले नाही.

नवीन आलेली पोरगी कुकरला कान लावते आणि दचकते. आतून मी ओरडते, "गप! मला रिंग शिकवतीस?" पोरगी घाबरून माझ्याकडं बघते. आणि तिच्या आजूबाजूला बाकीच्या सगळ्या बायका बोलत असतात, एकीच्या बोलण्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. कुणी म्हणजे कुणी गप होत नाही.